आवण काढायची तर मुळासकट : डॉ. पांडुरंग खानखोजे आणि कॉलेज बदलण्याचा निर्णय



या पानावर आपण एरवी भात, मका, वाल यांविषयी बोलतो. आज एका माणसाविषयी बोलू. विषय मात्र तुमच्या घरातलाच आहे.

अंबरनाथ तालुक्यातल्या किंवा बदलापूरच्या आसपासच्या गावातला मुलगा बारावी करतो ती लोकलने ये-जा करत, अंबरनाथ नाहीतर उल्हासनगरच्या कॉलेजात. पुढे कृषी पदवीला नंबर लागतो तो दापोलीला, राहुरीला, कधी अकोल्याला किंवा परभणीला. पहिल्यांदाच घर सुटते. वर्गात उसाच्या, द्राक्षाच्या, कापसाच्या पट्ट्यातली मुले असतात. त्यांची बोली वेगळी, शेतीचा आकडा वेगळा. आपल्या मुलाकडे सांगायला असते भाताची थोडी खाचरे, बांधावरचे जांभूळ आणि भातानंतरच्या ओलीवरचा वाल. दिवाळीला तो घरी येतो आणि म्हणतो, की तिथे मन लागत नाही, कॉलेज बदलायचे आहे.

अशा वेळी आईवडील दोनपैकी एक करतात. एक तर दटावून परत पाठवतात, नाहीतर लगेच दाखला काढून आणतात. दोन्ही घाईचे आहे. आधी एक गोष्ट तपासायला हवी. मुलाचे कोणाशी जमत नाही, माणसांशी की शिक्षणाशी? आणि तो जागा बदलतो आहे की शिकण्याचा धागाच सोडतो आहे?

हे नीट समजण्यासाठी वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा कॉलेज बदलले.

वर्ध्याहून अमेरिकेपर्यंत

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्याचा. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात झाले आणि पुढचे नागपुरात. ते शाळकरी वयाचे होते तेव्हा देशावर दोन मोठे दुष्काळ पडले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. आपल्याकडे जुनी माणसे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो हा दुसरा. आजच्या विदर्भाचा पूर्व भाग ज्यात होता त्या वेळच्या मध्य प्रांताला दोन्हींचा तडाखा बसला.

तरुण खानखोजे यांच्या डोक्यात मात्र शेतीच्या आधी क्रांती होती. ते लोकमान्य टिळकांना मानणारे होते. इंग्रजांशी लढायचे तर लष्करी शिक्षण हवे आणि ते देशात मिळणार नाही, म्हणून त्यांनी टिळकांचा सल्ला घेतला आणि जपानची वाट धरली. जपानहून पुढे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. घरचा पैसा नव्हता. त्या काळी तिथे गेलेले बहुतेक हिंदी विद्यार्थी शेतावर, फळबागेत, लाकडाच्या गिरणीत किंवा कोणाच्या स्वयंपाकघरात काम करून फी भरत. खानखोजे यांनाही मजुरी करतच शिकावे लागले.

पहिली बदली : शेतीतून लष्कराकडे

अमेरिकेत त्यांनी पहिल्यांदा नाव घातले ते कॅलिफोर्नियात, शेतीच्या अभ्यासासाठी. पण ज्या कामासाठी देश सोडला ते तिथे शिकायला मिळत नव्हते. वर्षभराने त्यांनी तिथून निघून सॅन राफेल गावच्या माउंट टॅमलपायस मिलिटरी अकादमीत प्रवेश घेतला.

इथे थोडे थांबा. ही बदली वर्गमित्रांशी जमत नाही म्हणून केलेली नव्हती. माणसांचा जाच त्या वेळी सगळीकडेच होता. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूड गिरणीत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले होते. आशियाई माणसे नकोत म्हणून संघटना उभ्या राहत होत्या. लोक आपले म्हणत नाहीत एवढ्याच कारणाने कॉलेज सोडायचे ठरवले असते, तर त्या किनाऱ्यावरचे एकही कॉलेज त्यांच्या कामाचे राहिले नसते. त्यांना जे शिकायचे होते ते पहिल्या ठिकाणी नव्हते, म्हणून ते हलले.

दुसरी बदली : पुन्हा शेतीकडे

लष्करी अकादमीतले शिक्षण झाल्यावर खानखोजे पुन्हा शेतीकडे वळले. आधी ओरेगॉन राज्यातले कोर्व्हॅलिस येथील कृषी कॉलेज आणि मग वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट कॉलेज. पुलमनहून १९१३ साली ते पदवी घेऊन बाहेर पडले. घर सोडल्यापासून पदवी हातात येईपर्यंत सहा-सात वर्षे गेली. कॉलेज बदलण्याची किंमत असते, ती ही. ती कोणी तुमच्यापासून लपवू नये.

या बदल्या जमल्या त्यामागे एक व्यवस्था होती. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक राज्याला सरकारी जमीन मिळाली आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्येची कॉलेजे उभी राहिली. १८८७ च्या दुसऱ्या कायद्याने या कॉलेजांना जोडून संशोधन केंद्रे आली. कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन इथली तिन्ही ठिकाणे याच पठडीतली. एकातून दुसऱ्यात गेले तरी शेतीचे मूळ शिक्षण एकाच धर्तीचे राही.

मुलूख मात्र तीन तऱ्हांचा होता. कॅलिफोर्निया म्हणजे कोरडा उन्हाळा, पाटपाणी आणि फळबागा. कोर्व्हॅलिसचे खोरे ओले, पावसाचे. पुलमनचा भाग म्हणजे टेकड्यांवरचा कोरडवाहू गव्हाचा मुलूख, आणि तिथल्या कॉलेजात विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास गव्हाच्या संकराचे महत्त्वाचे काम झालेले होते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर एका विद्यार्थ्याने राहुरी, दापोली आणि अकोला असे तीनही पट्टे पाहिल्यासारखे झाले.

आपल्या भातखाचरात हेच असते. राबातली आवण वेळेवर काढली, मुळांना माती धरून अलगद उपटली आणि त्याच दिवशी चिखलात लावली, तर ती दोन-चार दिवस मान टाकते आणि मग उभी राहते. खरिपात साधारण २१ ते २५ दिवसांचे रोप लावावे असे आपण सांगतो ते याचसाठी. तीच आवण जून झाल्यावर हलवली, किंवा उपटून मुठी बांधावर दोन दिवस पडू दिल्या, तर फुटवे कमी येतात. रोप हलवण्यात चूक नाही, मुळे तोडून हलवण्यात चूक आहे. खानखोजे यांनी जागा बदलल्या, पण शेतीच्या अभ्यासाचे मूळ मधल्या काळानंतर पुन्हा मातीत रोवले आणि ते पदवीपर्यंत नेले.

ठरवलेले फसले, शिकलेले उरले

त्याच १९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून गदर चळवळ उभी केली. खानखोजे तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी होते. पहिले महायुद्ध पेटल्यावर ते इराणपर्यंत पोहोचले आणि ब्रिटिश फौजेशी लढणाऱ्यांत सामील झाले. ती मोहीम यशस्वी झाली नाही. नंतरची काही वर्षे युरोपात आणि रशियात गेली. मायदेशी परतण्याची सोय नव्हती, कारण ब्रिटिश सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. अमेरिकेत असताना त्यांची मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली होती, ती इथे उपयोगी पडली. मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. वर्ध्याचा हा माणूस आता स्पॅनिश भाषेतून मेक्सिकोच्या मुलांना शेती शिकवू लागला.

ज्या लष्करी शिक्षणासाठी त्यांनी पहिले कॉलेज सोडले होते, ते इराणच्या मोहिमेपाशी संपले. पुन्हा हाती घेऊन पूर्ण केलेले शेतीचे शिक्षण मात्र परक्या देशात पोट भरायला आणि नाव कमवायला कामी आले. विसाव्या वर्षी आपण ज्याला आयुष्याचे ध्येय म्हणतो, तेच चाळिसाव्या वर्षी हाताशी राहील असे नाही. म्हणून कॉलेज बदलताना पूर्ण झालेला अभ्यास कधी वाया जाऊ देऊ नये.

मक्याचे काम

चापिंगो समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे पाऊस बेभरवशाचा आणि थंडीत धुके-दहिवराची भीती. मका हे तिथले मुख्य अन्न, जसा आपल्या पट्ट्यात भात. खानखोजे यांनी मका, गहू, कडधान्ये आणि रबर यांवर काम केले. दुष्काळ आणि दहिवर सोसणारे वाण काढणे हा त्यांच्या कामाचा गाभा होता. तेओसिंते नावाचे मक्याचे रानटी भाऊबंद गवत मेक्सिकोत उगवते. त्याच्याशी मक्याचा संकर करून काय मिळते, याचाही त्यांनी अभ्यास केला.

त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे शेतकऱ्यांसाठीच्या मोफत कृषी शाळा. विद्यालयातले ज्ञान फी भरणाऱ्या मुलांपुरते न ठेवता गावातल्या मोठ्या माणसांपर्यंत नेण्याचा तो प्रयत्न होता. आज विस्तार कार्यकर्ते शेतीशाळा घेतात, कृषिदूत आणि कृषिकन्या गावात येऊन प्रात्यक्षिके दाखवतात, त्याच जातीचे हे काम. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रोजच्या भाकरीवर एक भित्तिचित्र काढले आहे. त्यात सगळ्यांना भाकरी वाटून देणारा माणूस म्हणून खानखोजे दाखवले आहेत.

मक्याचे घरचे बी ठेवणाऱ्यांनी इथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

१. मका परपरागीत पीक आहे. तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडून दुसऱ्या झाडाच्या कणसावरच्या केसांवर पडतात. म्हणून बियाण्याच्या प्लॉटपासून दुसऱ्या वाणाचा मका किमान २०० मीटर दूर हवा.

२. बियाण्यासाठी कणसे उभ्या पिकातून निवडा, खळ्यावरून नव्हे. झाड कसे होते, ते लोळले का, रोग होता का, हे शेतातच दिसते. बांधाकडची झाडे सोडून मधल्या भागातली निवडा आणि दोन-चार कणसांवर न थांबता पुष्कळ झाडांची कणसे घ्या.

३. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी पेरू नका. पीक एकसारखे येत नाही आणि उत्पादन घटते. घरचे बी ठेवायचे तर सुधारित किंवा देशी वाणाचेच ठेवा.

अखेरची वर्षे

१९३६ साली खानखोजे यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना मायभूमीला परतता आले. अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात काढली आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास आपल्याकडे मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे बी जहाजाने येत होते. तो गहू नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातला, खानखोजे यांचा नव्हे. पण बोरलॉग मेक्सिकोत आले १९४४ साली, आणि त्याच्या वीस वर्षे आधीपासून वर्ध्याचा एक माणूस त्याच देशात दुष्काळ सोसणारे वाण काढत होता, हे आपल्याला ठाऊक असावे. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले.

राहण्याचा निर्णय : कार्व्हर

खानखोजे यांच्या गोष्टीवरून कोणी म्हणेल, की मग बदलीच बरी. म्हणून दुसरे एक उदाहरण शेजारी ठेवू. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव मराठी घरांत नवे नाही. गुलामांच्या कुळात जन्मलेल्या या मुलाला कॅन्ससमधल्या एका कॉलेजने आधी प्रवेश दिला आणि तो काळा आहे हे पाहिल्यावर दारातून परत पाठवले. पुढे १८९० साली आयोवा राज्यातल्या सिम्प्सन कॉलेजने त्याला घेतले. तिथे तो चित्रकला शिकत होता आणि रमलाही होता. त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याची झाडांची आवड ओळखली. त्यांचे वडील आयोवाच्या कृषी कॉलेजात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. त्यांच्या सांगण्यावरून कार्व्हर १८९१ साली एम्सला, त्या कृषी कॉलेजात गेले.

म्हणजे जिथे माणसे चांगली होती ते कॉलेज सोडून ते जिथे विषय आपला होता तिथे गेले. नव्या जागी सुरुवात वाईट झाली. ते तिथले पहिले काळे विद्यार्थी. त्यांना इतर विद्यार्थ्यांबरोबर जेवू दिले नाही. तळघरात शेतमजुरांसोबत जेवावे लागले. जुन्या गावच्या ओळखीच्या एक बाई मुद्दाम भेटायला आल्या आणि त्यांच्यासोबत तिथेच जेवायला बसल्या. हळूहळू वातावरण निवळले. कार्व्हर टिकून राहिले. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी, आणि त्याच वर्षी टस्कीगीला गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला रवाना.

खानखोजे निघाले आणि कार्व्हर राहिले. दोघांनी तपासलेली गोष्ट एकच दिसते. जे शिकायचे ते इथे आहे का?

मूल बदली मागते तेव्हा

तुमच्या घरात हा प्रश्न उभा राहिला, तर या क्रमाने जा.

१. पहिली चौकशी छळाची करा. रॅगिंग, मारहाण, जातीवरून हिणवणे असे काही असेल तर तो न जमण्याचा प्रश्न नाही, गुन्ह्याचा आहे. लगेच कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार द्या आणि मुलाला एकटे ठेवू नका. अशा वेळी शिकण्याचा हिशेब नंतर करायचा.

२. तसे काही नसेल तर मुलाला विचारा, कोणत्या तासाला बरे वाटते? प्रक्षेत्रावर, प्रयोगशाळेत मन रमते आणि फक्त वसतिगृहात रमत नाही, असे असेल तर खोली बदला, गावाकडचा एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी शोधून द्या, एक सत्र जाऊ द्या. एटा बड यांच्यासारखा एखादा शिक्षक मुलाला ओळखतो का, हेही पाहा. एक माणूस पुरतो.

३. विषयच आवडत नसेल, किंवा हवा तो विषय तिथे नसेल, तर बदलीचा विचार रास्त आहे. तो लवकर करा. आवण जून होऊ देऊ नका.

४. बदलीआधी संबंधित विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयात नियम विचारा आणि उत्तर लेखी घ्या. किती जागा रिकाम्या आहेत, पूर्ण केलेले विषय आणि क्रेडिट नव्या ठिकाणी धरले जातील का, शिष्यवृत्ती चालू राहील का. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचा पदवी अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या समितीने आखलेल्या चौकटीत आहे, त्यामुळे विषय बरेचसे जुळतात. तरी तोंडी आश्वासनावर दाखला काढू नका.

५. नवी जागा हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. मधल्या काळात परीक्षा चुकवू नका. पास झालेला प्रत्येक विषय म्हणजे मुळाला धरलेली माती.

६. पैशाचा आणि वर्षांचा हिशेब मुलासमोर मांडा. एक वर्ष वाढले तर घराला काय पडेल, हे त्याला कळू द्या. धमकी म्हणून नको, हिशेब म्हणून सांगा. मग निर्णय त्याचा असू द्या.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. गावात कृषिदूत आणि कृषिकन्या येतात तेव्हा त्यांच्याशी पिकापलीकडेही दोन शब्द बोला. बदलापूरजवळच्या गावातला मुलगा परभणीला एकटा पडलेला असतो, तसा परभणीचा मुलगा आपल्याकडे आलेला असू शकतो. कर्जतचे भात संशोधन केंद्र इथून फार दूर नाही. अशा मुलाला एकदा तिथे घेऊन जा, कर्जतचे वाण शेतात उभे असताना दाखवा. आपण शिकतो ते कोणाच्या तरी खाचरात उतरते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले, तर राहायचे की निघायचे हे ठरवणे त्याला सोपे जाईल.